पहिल्या हाकेला ओ

नोकरी नाकारल्याचं पूर्वी निदान पत्र तरी यायचं म्हणतात. मला एकही आलं नाही. मला मिळालं ते 'कळवतो', आणि त्यानंतर काहीच नाही. एका ठिकाणचा अर्ज संगणकावर भरला होता. तिथे बघावं तेव्हा 'अर्ज विचाराधीन'. त्या जागेवर दुसरी बाई रुजू होऊन दोन महिने झाले तरी माझा अर्ज विचाराधीनच. कोण विचार करत बसलंय त्याचा, कुठल्या बंद खोलीत, असं मला अधूनमधून वाटायचं.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना बंद झाला तेव्हा मी चव्वेचाळीस पूर्ण केली होती. चौदा वर्षं मी तिथे स्टोअर सांभाळत होते. आलेला माल तपासून घ्यायचा, गेलेला नोंदवायचा, किल्ल्या आपल्या कमरेला. नवऱ्याची पाठ गेल्यापासून तो घरी होता, मुलगी कॉलेजात. नियमित पगार आणणारी मी एकटीच. त्यामुळे हातपाय गाळून बसण्याची सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी शहापूरला जाऊन फोटो काढले आणि अर्ज करायला लागले. शाळेत मदतनीस, दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर, महामार्गालगतच्या गोदामात देखरेखीला. जे दिसेल ते.

आपल्याला का घेतलं नाही हे पहिल्यांदा कळलं ते भजीवाल्याकडून. शहापूरच्या बाजारात भजी घेतली. कागद उलगडला तर एका बाईचा चेहरा. अर्जाची प्रत होती ती, फोटोसकट. तेलाने कागद आरपार झाला होता आणि मागच्या पानावरची अक्षरं तिच्या गालातून दिसत होती. अर्ज दवाखान्याच्या त्याच जागेसाठी होता, जिथे मीही केला होता. मी भजीवाल्याला रद्दीचा गठ्ठा मागितला.

"ताई, रद्दी आहे ती. काय शोधताय?"

"माझा फोटो असेल यात."

त्याने गठ्ठा पुढे सरकवला. पंधरा-वीस बायका होत्या त्यात, सगळ्या समोर बघणाऱ्या. अकराव्या-बाराव्या कागदावर मी. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं, 'वय'. एवढंच, आणि खाली दोन रेघा.

"सापडला का? घेऊन जावा," भजीवाला म्हणाला. "का त्याच्यातच बांधून देऊ अजून एक प्लेट?"

मी कागद घडी घालून पिशवीत टाकला. त्या दिवसापासून दोन गोष्टी सुरू केल्या. अर्जात वय पहिल्याच ओळीत लिहायचं, म्हणजे ज्याला नको असेल त्याचाही वेळ वाचेल. आणि कळवतो म्हणणाऱ्याला आठ दिवसांनी आपणच फोन करून कारण विचारायचं. बहुतेक जण फोन ठेवून द्यायचे. एक जण म्हणाला, "बाई, घेतलं का नाही असं विचारणाऱ्या बऱ्याच असतात. का घेतलं नाही, असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या." कारण मात्र त्यानेही सांगितलं नाही.

मग वसतिगृहाची जाहिरात दिसली. वैशाखऱ्याच्या पुढे, रस्ता सोडून आत, एका खासगी संस्थेचं मुलींचं वसतिगृह. अधीक्षिका हवी, मुक्कामी. वय पंचेचाळीसच्या आत. कोठीघर आणि साठा सांभाळल्याचा अनुभव असल्यास प्राधान्य. ही जागा माझ्या मापाने बेतली होती. शिवाय ते ठिकाण माझ्या माहेरापासून तासाभराच्या चालीवर. पंचेचाळीस पूर्ण व्हायला सात महिने उरले होते. त्यानंतर अशी जागा निघाली तरी मला अर्जच करता येणार नव्हता.

आता माहेरचा एक नियम सांगावा लागेल. घाटाखालच्या आमच्या गावात मूल चालायला लागलं की त्याला हे शिकवतात. एकटं असताना कोणी नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी हाक आली की मग ओ द्यायची, कारण माणूस तीनदा हाक मारतं. जे माणूस नाही त्याला तिसरी हाक मारता येत नाही. भर दुपारी आणि धुक्यात हे विशेष पाळायचं. मी बारावी शास्त्र शाखेतून पास झालेय. घाटाच्या कड्यावर आवाज आपटतो, कुठून आला कळत नाही, माणसं नको तिकडे चालत जातात, म्हणून हा नियम पडला असणार हे मला समजतं. पण समजणं वेगळं आणि जीभ वेगळी. सासरी सापगावला येऊन बावीस वर्षं झाली तरी माझी जीभ तिसऱ्या हाकेपर्यंत हलत नव्हती. मोठ्या जाऊबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते, त्या मला बहिरीच म्हणायच्या.

मुलाखत गणपतीच्या सुट्टीत ठेवली होती. मुली घरी गेलेल्या. आम्हा सात जणींना मुलींच्या झोपायच्या हॉलमध्ये बसवलं. लोखंडी खाटांच्या दोन रांगा, गाद्या गुंडाळून ठेवलेल्या, प्रत्येक खाटेच्या वर भिंतीवर खडूने एकेका मुलीचं नाव. डोंगरावरून धुकं उतरून खिडक्यांच्या गजांतून आत येत होतं. समोरच्या खाटा दिसत होत्या, शेवटच्या दिसत नव्हत्या.

कार्यालय अंगणापलीकडे. लिपिक तिथल्या खिडकीतून एकेकीला हाक मारायचा आणि ती जायची. मुलाखत झाली की बायका परस्पर फाटकातून निघून जात होत्या, परत कोणी येत नव्हतं. दुपारी बारा-साडेबारापर्यंत मी एकटी उरले. मी गाद्या मोजल्या. सवय.

मग हाक आली. माझं माहेरचं नाव, नुसतं, पुढे-मागे काही नाही. लग्नात आमच्याकडे मुलीचं नाव बदलतात. ताटातल्या तांदळात नवरा अंगठीने नवं नाव लिहितो आणि जुनं संपतं. माझं जुनं नाव शाळेच्या दाखल्यावर तेवढं उरलं होतं. मी उठून उभी राहिले पण ओ दिली नाही. थोड्या वेळाने दुसरी हाक आली, सासरचं पूर्ण नाव, आडनावासकट. मी तिसरीची वाट बघत राहिले. खरं सांगायचं तर वाट बघतेय असा विचारही केला नाही. अंगणात पागोळ्या ठिबकत होत्या. तिसरी हाक आली नाही.

पाऊण तासाने लिपिक कुलूप घेऊन हॉल बंद करायला आला आणि मला बघून दचकला.

"अहो बाई! तुमी इथं? मी हाक मारली तवा होतात कुठं?"

"इथेच. ऐकली मी."

"ऐकली? मग आलात का नाय?"

"तिसरी मारली नाहीत तुम्ही."

तो आमच्याच पट्ट्यातला, टोकावड्याकडचा असावा. त्याला लगेच समजलं. त्याने आवाज खाली आणला. "आत असं काय बोलू नका. मॅडम कल्याणच्या हायेत."

"तुम्ही दोनदा मारलीत ना?"

"एकदाच. अर्जावरचं पूर्ण नाव वाचलं."

"आणि त्याच्या आधी? माहेरच्या नावाने?"

"तुमचं माहेरचं नाव मला कसं ठावं?"

"दाखल्यावर आहे."

त्याने काखेतल्या कागदांतून माझं दाखल्यांचं पाकीट काढून दाखवलं. डिंकाने चिकटवलेलं, मी दिलं तसंच. फोडलेलं नव्हतं. आम्ही दोघांनी ते पाकीट जरा वेळ बघितलं आणि मग तो मला कार्यालयात घेऊन गेला, हॉलचं कुलूप न लावता.

संस्थेच्या प्रमुख मॅडम पन्नाशीच्या. माझ्या नावापुढे त्यांचं गैरहजर लिहून झालं होतं.

"हजर होतात तर ओ का दिली नाहीत?"

मला खोटं रचायला वेळ लागतो, म्हणून मी खरं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला राग धरता आला असता.

"इथे साठ मुली राहतात," त्या म्हणाल्या. "ताप येतो, पोटात दुखतं, पाळी येते पहिल्यांदा. मुलगी एकदा हाक मारते. दुसऱ्यांदा मारायची तिला लाज वाटते. तिसऱ्यांदा मारतच नाही. तुमच्या हिशोबाने माझ्या साठच्या साठ मुली भुतं झाल्या, बाई."

मी म्हणाले, "बरोबर आहे."

"वाईट वाटून घेऊ नका."

"नाही. कारण सांगितलंत, बरं झालं."

ते मनापासून म्हणाले होते. एवढ्या अर्जांत तोंडावर कारण मिळालं ते हे पहिलं. आणि ते वयासारखं नव्हतं. वयाचं माझ्या हातात काही नव्हतं. हे होतं.

घरी आल्यावर वहिनी दारातच. "काय गो, लागली?"

"नाय."

"का?"

सांगितलं. वहिनी खो-खो हसल्या. "बावीस वरसं मी बोंबलतेय तर ऐकलं नायस! आता मॅडम बोलली तर पटलं!"

मुलगी तिथेच बसली होती. ती हसली नाही. मी सहज विचारलं, लहानपणी तू आजारी असताना हाक मारायचीस तेव्हा मी यायचे ना? ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "यायचीस. उशिरा. मी मग बाबांनाच हाक मारायचे."

दुसऱ्या दिवसापासून मी ठरवलं, पहिल्या हाकेला ओ द्यायची. ऐकायला सोपं आहे. पण चाळीस वर्षं मिटलेलं तोंड हाकेसरशी उघडायचं होतं. वहिनींना मी कामाला लावलं. मला न सांगता कधीही, कुठूनही हाक मारा म्हटलं. त्यांना असं काम द्यावं लागत नाही. दूध उतू जायच्या बेतात असताना, मी डोक्याला शिकेकाई लावलेली असताना, शेजारच्या वाड्यातून, भाताच्या पेंढ्यांमागून. मी ओ द्यायचे. नवरा म्हणायचा, घरात दोन कोकिळा शिरल्यात.

दिवाळीपर्यंत जीभ सुटली. मग एका दुपारी मी मागच्या दारी तांदूळ निवडत असताना हाक आली. मी लगेच ओ दिली आणि घरात गेले. वहिनी भिंतीला टेकून झोपल्या होत्या. हलवून उठवलं.

"कशाला हाक मारलीत?"

"मी नाय मारली."

"वहिनी, उगाच."

"शप्पत गो. झोपले होते मी." त्या पूर्ण जाग्या झाल्या. "कुठल्या नावानं मारली?"

मी सांगितलं नाही. त्यांना माझं माहेरचं नाव माहीत होतं, पण त्यांनी ते कधी तोंडात घेतलेलं नव्हतं.

"आता पुरे कर हे," त्या म्हणाल्या. "ओ देतेस देतेस आन् कुणाला देशील काय सांगावं?"

तेव्हा मी बसून नीट विचार केला. कोणी नसताना ओ दिली तर फुकट चार पावलं चालणं होतं. कोणी असताना दिली नाही तर काय होतं ते मुलीने सांगितलंच होतं. मला दोन्हींतलं पहिलं परवडत होतं. मी पुरे केलं नाही. तशी हाक नंतर महिन्यातून एखादी यायची, कधी नदीच्या बाजूने, कधी अगदी भिंतीपलीकडून. मी ओ द्यायचे, जाऊन बघायचे, परत यायचे. सोबतीला अर्ज चालू होते. आणखी तीन ठिकाणी नकार आला, त्यातल्या एकाने कारणही सांगितलं. संगणकाचं सर्टिफिकेट नाही. ते मी शहापुरात क्लास लावून मिळवलं.

फाल्गुनात लिपिकाचा फोन आला. "बाई, त्या दुसऱ्या बाई सोडून गेल्या. परत जाहिरात निघालीय. तुमचं वय बसतंय का?"

"सहा आठवडे आहेत अजून. त्या का गेल्या?"

"मन लागलं नाय म्हणे."

"म्हणजे?"

"म्हणजे तेवढंच बोलल्या. सामानपण न्यायला आल्या नाय."

या वेळी आम्ही चौघी होतो. ऊन पांढरं पडलेलं, डोंगर उघडा. मुली शाळेत गेलेल्या, खाटांवर चादरी घातलेल्या आणि भिंतीवरची खडूची नावं काही बदललेली. माझ्या शेजारी साधारण माझ्याच वयाची एक बाई होती. तिचं सासर मुरबाडजवळ, माहेर आमच्याच पट्ट्यातलं. तिलाही वयाची शेवटची संधी. आम्ही मुलांबद्दल, जीपच्या वेळांबद्दल बोलत होतो. बाकी दोघी पेंगत होत्या.

हाक आली. माहेरचं नाव, एकदा.

"ओ!" मी म्हणाले आणि उठले.

पेंगणाऱ्या दोघी दचकल्या. शेजारची म्हणाली, "काय झालं?"

"बोलावलं ना."

"कुणी? मला तर काय ऐकू आलं नाय."

मी उभी होते. न बोलावता आत गेले तर आगाऊ ठरणार. बोलावलं असूनही गेले नाही तर दुसऱ्यांदा गैरहजर, आणि या खेपेला कायमची. मी अंगण ओलांडलं.

कार्यालयात मॅडम आणि लिपिक डबा खात होते. लिपिकाचा घास हातातच राहिला. "बाई, मी अजून कुणालाच हाक मारली नाय. यादीपण उघडली नाय."

"ऐकू आली म्हणून आले. नसेल मारली तर जाऊन बसते."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "कुठून ऐकू आली?"

मी व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीकडे बोट केलं. मॅडमनी लिपिकाकडे बघितलं. तो खरकट्या हाताने उठून गेला आणि परत आला. "कोठीघर हाय. कुलूप हाय बाहेरून."

मॅडमनी डबा बंद केला. अर्धी भाकरी त्यात तशीच होती. "ती गेलेली बाई पण हेच सांगत होती," त्या म्हणाल्या, मला नाही, लिपिकालाही नाही. मग माझ्याकडे वळल्या. "इथे राहायचं तर हे होणार असेल. तुम्ही काय कराल?"

"उठेन. जाऊन बघेन. मुलगी असेल तर तिचं बघेन. कोणी नसेल तर मुली मोजून परत येऊन झोपेन."

"आणि दर वेळी कोणी नसलं तर?"

"तरी पुढच्या वेळी उठावं लागेलच. ती कुठली हाक आहे ते आधी कळत नाही."

त्यांनी आणखी पाच-सात प्रश्न विचारले, साठ्याचे, आजारपणाचे, पालकांचे. संगणकाचं सर्टिफिकेट बघितलं. मी परत हॉलमध्ये पिशवी घ्यायला आले.

शेजारची बाई म्हणाली, "झालं? मला कधी बोलावतील?"

तिला काही न सांगणं माझ्या फायद्याचं होतं. जागा एकच होती. पण मला भजीच्या कागदावरची ती बाई आठवली, गालातून अक्षरं दिसणारी. "एकदाच हाक मारतात," मी म्हणाले. "तिसरीची वाट बघू नका. पहिल्याच हाकेला जा."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिलाही तो नियम माहीत होता हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

बारा दिवसांनी पत्र आलं, मला. लगेच रुजू व्हायचं होतं. वहिनींनी ट्रंक भरून दिली आणि दोनदा रडून घेतलं. मी कोठीघराच्या किल्ल्या घेतल्या, आतला साठा तपासला, मुलींच्या खाटांची यादी केली.

चौथ्या दिवशी दुपारी त्या बाईचा फोन आला. आम्ही नंबर घेतले होते त्या दिवशी. तिने तो भांडायला केला नव्हता. म्हणाली, "ताई, तुमाला माहीत असलं तर सांगा. मला का नाय घेतलं? मॅडम कळवतो बोलल्या, बस."

मला माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. संगणक शिका. अर्जात वय वर लिहा. शहापुरात एका शाळेत जागा निघणार आहे, तिथे वयाची मर्यादा जास्त आहे. मग विचारलं, "तुम्हाला हाक मारली तेव्हा लगेच गेलात ना?"

"गेले. लिपिकानं पूर्ण नाव घेतलं, लगेच गेले."

"मग ते कारण नसणार."

फोनवर तिच्याकडचा कोंबडा ओरडत होता.

"त्याच्या आधी एक आली होती," ती म्हणाली. "तुमी पिशवी घेऊन गेलात ना, त्याच्या मागोमाग. माहेरच्या नावानं. बाकी दोघींना नाय ऐकू आली. मी बसून राहिले."

व्हरांड्यात ऊन होतं. मुली शाळेत होत्या.

"पुढच्या वेळी उठा," मी म्हणाले.